थोरलीने बसवलेले ब्रेक

घरात तिला सगळे थोरली म्हणत आणि तिच्या भावाला धाकटा. हाका मारण्यापुरतीच ही वाटणी असती तर काही बिघडलं नसतं. पण त्या घरात सगळ्याच गोष्टी या दोन शब्दांनी वाटल्या जायच्या. समजून घ्यायचं थोरलीने आणि कौतुक व्हायचं धाकट्याचं.

बाबा दिवसभर दुसऱ्याची टॅक्सी चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून बसायचे. गाडी चौकोनी तोंडाची, फिकट निळी, बाबांच्या जिवाचा तुकडा. दोन्ही मुलं शेजारी उभी. पाना धाकट्याच्या हातात, बॅटरी थोरलीच्या. "नीट धर, इकडे उजेड पाड," एवढंच तिच्या वाट्याला यायचं. धाकट्याने बोल्ट उलटा फिरवला तरी बाबा हसून म्हणायचे, "हात बसतोय पोराचा." एकदा थोरलीला राहवलं नाही. "बाबा, तो उलटा फिरवतोय," ती म्हणाली. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "तू उजेडाकडे लक्ष दे."

ते वाक्य तिच्या पोटात गेलं ते तिथेच राहिलं.

पुढे ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायला लागली. एवढ्या मोठ्या दालनात ओळीने मशिनं खडखडत असायची, पण त्यातलं कुठलं रडतंय ते तिला दारातूनच कळायचं. शिवणाऱ्या बायका तिला सुईवाली म्हणायच्या आणि मशीन अडलं की आधी तिलाच शोधायच्या. धाकटा फर्निचरच्या दुकानात विक्रीला लागला. जिभेवर साखर होती त्याच्या. गिऱ्हाईक खुर्ची बघायला यायचं आणि कपाट घेऊन जायचं. पण घरची गाडी आजारी पडली की बाबांची हाक ठरलेली, "धाकट्या, बघ रे जरा." धाकटा गाडी घेऊन जायचा. मित्राच्या आवारात मोकळी जागा आहे, तिथे काम बरं होतं, असं सांगायचा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा गाडी ठणठणीत आणि त्याचे हात काळेकुट्ट. मग बाबा स्वतः साबण घेऊन नळाशी उभे राहायचे आणि त्याच्या हातांवर पाणी घालायचे. थोरली ते खिडकीतून बघायची. तिचेही हात रोज तेलाने माखलेले असायचे. त्यांच्यावर कधी कोणी पाणी घातलं नव्हतं.

वर्षं गेली. आई गेली, बाबांचे गुडघे गेले, नजर अंधुक झाली. धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून बाबा थोरलीकडे तळमजल्यावर राहायला आले. थोरलीचा नवरा इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होता. माणूस कमी बोलणारा. त्याने एका दुपारीत बाबांसाठी न्हाणीघरात धरायला दांडी ठोकून दिली. बाबांची औषधं, चष्मा, गरम पाण्याची पिशवी, सगळं थोरली बघायची. आणि बाबा दुपारभर कान देऊन बसायचे कशाला, तर धाकट्याच्या गाडीच्या आवाजाला.

धाकट्याने नवी गाडी घेतली होती. निळ्या गाडीचं काय करायचं असं निघालं तेव्हा तो सहज म्हणाला, "भंगारात देऊन टाकू."

"मला द्या," थोरली म्हणाली.

"तुला?" बाबा थोडे गडबडले. मग म्हणाले, "घे बाई. पण जपून चालव."

दर आठवड्याला बाबांना गुडघ्यांच्या व्यायामासाठी टेकडीवरच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. धाकट्याच्या गाडीत बाबा मागे टेकून, पाय पसरून बसायचे. थोरलीच्या गाडीत बसले की दारावरची कडी दोन्ही हातांनी धरायचे. जणू गाडीने नव्हे, कोणा चक्रम घोड्यावरून निघालेत. तिला ते दिसायचं आणि सलायचं. मग एकदा टेकडी उतरताना पुढचा टेम्पो अचानक थांबला. थोरलीने पेडल दाबलं, आणखी दाबलं, पार तळाला नेलं. गाडी डावीकडे ओढत, घासत गेली आणि टेम्पोच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. बाबांनी कडी सोडली नाही. मग हळूच म्हणाले, "धाकटा असता तर हे आधीच ओळखलं असतं त्याने."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उरलेला रस्ता ती दात आवळून गाडी चालवत राहिली. घरी आल्यावर तिने बाबांना खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला आणि सांगून टाकलं, "पुढचे ब्रेक बदलणार मी. जुने ड्रम काढून टाकते, डिस्क बसवते."

"घरी?"

"घरी."

"धाकट्याला विचारलंस?"

थोरली स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे तिने कप जरा जास्तच आपटला.

काम तिला परकं नव्हतं. जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांत ड्रम होते, डबीसारखे बंद. उतारावर तापले की पकड सोडायचे. त्याच गाडीचं पुढचं मॉडेल निघालं तेव्हा त्यात उघडी लोखंडी तबकडी आली, डिस्क, आणि तिला दोन्हीकडून चिमटा घेणारा कॅलिपर. थोरलीने भंगारवाल्याकडून त्या मॉडेलचा पुढचा सगळा जोड मिळवला. कॅलिपर उघडून साफ केले, आतली रबरं बदलली. डिस्क, पॅड, ब्रेक ऑइलच्या लवचीक नळ्या नव्या आणल्या. पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडरही डिस्कला चालणारा घेतला. रोज कारखान्यातून आली की ती हे सामान जमिनीवर कापड अंथरून त्यावर मांडायची आणि बघत बसायची. नवरा एकदा म्हणाला, "बाळंतविडा मांडल्यासारखं मांडलंयस." ती हसली. पण मनात एकच चाललं होतं. बाबा टेकडी उतरताना कडी सोडतील, आणि धाकट्याला ते दिसलं पाहिजे.

रविवारी नवऱ्याला कामाची पाळी होती. सकाळीच थोरलीने घरासमोरच्या सिमेंटच्या जागेत गाडी घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकवर उचलून खाली लोखंडी घोड्या दिल्या आणि गाडी हलवून बघितली. बाबा खुर्ची घेऊन दारात बसले. दिसत फारसं नव्हतं, पण कान शाबूत होते.

"डावा ड्रम अडेल," ते म्हणाले. "तो पहिल्यापासून हट्टी आहे."

अडला. थोरलीने हातोडीने चहूबाजूंनी ठोकून, तेल सोडून, शेवटी त्याला शिव्या देऊन काढला. आत ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर झिजून नखाएवढे राहिले होते. ते तिने बाबांच्या हातात दिले. बाबांनी त्यांवरून बोट फिरवलं. धाकट्याने दोनच वर्षांपूर्वी हे बदलल्याचं सांगितलं होतं, ते तिला आठवलं. तिने विषय काढला नाही. काढला असता तर बाबा म्हणाले असते की तू ब्रेक जास्त दाबतेस.

दुपारपर्यंत दोन्ही बाजू बसल्या. चकचकीत डिस्क, त्यावर घट्ट बसलेले कॅलिपर. थोरली दोन पावलं मागे सरकली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कारखान्यात कितीदा असं काम केलं असेल, पण तिथे बाबा नसायचे.

आता उरली होती नळ्यांतली हवा काढायची. ब्रेक ऑइलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पेडल उशीसारखं मऊ लागतं आणि गाडी थांबत नाही. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी छोटं निपल सैल करून हवा आणि ऑइल बाहेर येऊ द्यायचं.

"धाकट्याला बोलाव," बाबा म्हणाले.

"तुम्ही दाबा," थोरली म्हणाली.

बाबा थबकले. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितल्यापासून ते चालवायच्या सीटवर बसले नव्हते. थोरलीने त्यांना हाताला धरून नेलं, पाय आत उचलून ठेवले. बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि त्यांची पाठ आपोआप सरळ झाली.

"दाबा, बाबा... धरा... सोडा."

"दाबा... धरा... सोडा."

असा सुरेख पाय तिने पाहिला नव्हता. ना धक्का, ना घाई. उघड्या दारातून तिला बाबांचा जुना काळा बूट दिसत होता, खाली जाताना आणि वर येताना. ऑइल बाटलीत थेंबथेंब उतरत होतं. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी एकत्र केलेलं हे पहिलंच काम. थोरलीला वाटलं, हे लवकर संपू नये.

ते संपलंच नाही. मागची चाकं झाली, पुढची झाली, पुन्हा एकदा सगळी झाली, बुडबुडे यायचे थांबले, तरी पेडल मऊच.

"अजून हवा आहे," बाबा म्हणाले.

"नाही. बघितलं मी."

"पायाला लागतंय, पोरी. आहे."

थोरलीने सगळे जोड तपासले. कुठे गळत नव्हतं. तिसऱ्यांदा केलं. ऑइलचा डबा तळाला आला. बाबांचा गुडघा थरथरायला लागला, तेव्हा तिने त्यांना बाहेर काढून खुर्चीत बसवलं आणि हात धुवायला आत गेली. आरशात तिला कपाळावर ऑइलचा ओघळ दिसला आणि रडू येण्याआधी ती बाहेर आली.

बाहेर बाबा फोन खिशात ठेवत होते.

"कोणाला केलात?"

बाबा दुसरीकडे बघायला लागले.

पांढराशुभ्र शर्ट घालून धाकटा आला. त्याने नवी गाडी निळ्या गाडीच्या अगदी मागे उभी केली. दार लावताना तो मऊ, महागडा आवाज झाला आणि थोरलीने पाहिलं, बाबांनी चाचपडत सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला. सकाळपासून तिच्यासमोर ते बटण उघडंच होतं. तिला इतका मत्सर वाटला की हातातला पाना चटका बसल्यासारखा वाटायला लागला.

"आला का रे? बघ जरा, हिचं काहीतरी अडलंय."

"अडलं नाहीये, बाबा," थोरली म्हणाली. "वेळ लागतोय."

धाकट्याने बाह्या दुमडल्या आणि तिच्या शेजारी चाकापाशी उकिडवा बसला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, जीभ गालात फिरवली.

"काय वाटतं रे?" दारातून बाबा.

"प्रेशरचा घोळ दिसतोय, बाबा," धाकटा मोठ्याने म्हणाला. मग तोंड तिच्या कानाशी आणून कुजबुजला, "ताई, यातला ब्रेक कुठला?"

थोरलीला वाटलं, हा थट्टा करतोय.

"शपथ सांगतो. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कधीच कळलं नाही."

"आणि इतकी वर्षं गाडी..."

"कोपऱ्यावरच्या गॅरेजात. त्याने केलं, मी बाहेर बाकावर बसून राहायचो. निघताना त्याच्या चिंध्यांना हात पुसायचो." तो खाली बघत होता. "बाबा इतके खूश व्हायचे गं. सांगायचं कसं?"

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खिडकीत उभं राहून तिने जळून काढलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी एका चिंधीवरच्या ग्रीसपायी गेल्या होत्या. आणि लायनर? तेही त्या गॅरेजवाल्याने बदलले की नुसते पुसले, हे याला ठाऊकसुद्धा नसणार. बाबा चार हातांवर बसले होते. एक वाक्य जरा मोठ्याने बोललं की झालं. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं.

"ताई," धाकटा पुन्हा कुजबुजला, बहुधा ती काही बोलू नये म्हणूनच, "हवा या टोचीतूनच बाहेर येते ना?"

"हो."

"मग ही खालच्या बाजूला का ठेवलीय? हवा तर वर जाते ना?"

थोरलीने कॅलिपरकडे पाहिलं. मग उठून पलीकडच्या चाकापाशी गेली. तिथेही निपल खालीच. तिने डावा कॅलिपर उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. दोन्ही दिसायला सारखे, बोल्टही सारखेच बसतात. हवा वरच्या कोपऱ्यात मजेत बसली होती आणि ही बाई दुपारभर खालून ऑइल काढत होती.

यातलं काही न कळणाऱ्या माणसाने ते एका प्रश्नात दाखवलं होतं. याहून मोठा चटका तिला आयुष्यात बसला नव्हता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सापडलं, बाबा!" धाकटा म्हणाला.

"मला माहीत होतं! तू आलास की होणारच."

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. आता तरी बोलेल, असं तिला वाटलं. धाकट्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. आणि खोटं तरी कुठे बोलला होता तो? सापडलं होतं त्यालाच. तिला धड भांडताही येईना.

ती मुकाट्याने पाठीवर आडवी झाली आणि कॅलिपर काढायला लागली. अदलाबदल केली, नळ्या पुन्हा जोडल्या. धाकट्याला ऑइलचा नवा डबा आणायला पिटाळलं. तो आल्यावर त्याला पेडलवर बसवलं. त्याचा पाय गाढवासारखा. 'धर' म्हटलं की सोडायचा. थोरलीने त्याला असा काही दम भरला की तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसा "हो ताई, लगेच ताई" करायला लागला. कॅलिपरच्या वरच्या टोकातून हवेची लांब फुसकारी आली, मग दुसऱ्या बाजूने. पेडल वरच्या वर घट्ट झालं. दगडासारखं.

धाकट्याला दुकान गाठायचं होतं. रविवारी गर्दी असते. शर्टावर एक डाग पडला होता, तो त्याने बाबांना जवळ जाऊन दाखवला आणि गेला.

थोरलीने चाकं लावली, गल्लीत हळूहळू पुढेमागे करून ब्रेक तपासले. मग बाबांसमोर येऊन उभी राहिली. "चला. टेकडीवर."

थोरलीने गाडी वरपर्यंत नेली आणि वळवली. उतरताना वळणाच्या अलीकडे रस्ता मोकळा बघून तिने सांगितलं, "बाबा, दाबतेय," आणि दाबलं. गाडी सरळ रेषेत, कुठेही न ओढता, जागच्या जागी उभी राहिली. बाबांचे हात मांडीवर होते.

"छान," ते म्हणाले. "छान बसलेत."

"मी बसवलेत."

"माहीत आहे."

"धाकट्याने नाही. त्याला तर..." ती थांबली.

"त्याला काही येत नाही," बाबा म्हणाले. "तेही माहीत आहे."

मागून एकाने हॉर्न वाजवला. थोरलीने गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"त्याच्या तळहाताला ग्रीस असायचं," बाबा समोर बघत म्हणाले. "नखांत कधीच नसायचं. टॅक्सीवाल्याला तेवढं कळतं. मी पाणी घालायचो ना त्याच्या हातावर."

"मग आजही त्यालाच कशाला बोलावलंत?"

"माझा पाय थकला होता. तुला पाय हवा होता एक. हात तुझेच होते."

थोरली इतक्यात विरघळणार नव्हती.

"आणि इतकी वर्षं? सगळ्यांसमोर धाकटा असा, धाकटा तसा?"

"तो कच्चा होता गं. कौतुक केलं नसतं तर कोलमडला असता. मग जिभेला सवयच लागली, तो समोर नसला तरी. तू पहिल्यापासून खंबीर. तुला काय लागत होतं?"

"मला लागत नव्हतं हे कोणी ठरवलं?"

ती हे ओरडून बोलली नाही. कारखान्यात एखाद्या बाईला मशीन का बिघडलं ते सांगावं, तशी बोलली. बाबांनी तिच्या दिशेने मान वळवली. त्यांच्या अंधुक डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे. त्यांचा हात चाचपडत तिच्या हातापर्यंत आला आणि बोटं तिच्या नखांवरून फिरली. एकेका नखावरून, सावकाश. कडेला साचलेलं काळं त्यांना लागलं असणार.

"मीच ठरवलं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

तिने हँडब्रेक सोडला आणि उतार उतरायला लागली. पायथ्याशी आल्यावर बाबांनी विचारलं, मागचे ब्रेक कधी करणार. म्हणाले, एक दिवस आधी सांग, गुडघ्याला विश्रांती देऊन ठेवतो.

त्या दिवसानंतर थोरली फार मोठ्या मनाची झाली, असं मात्र कोणी समजू नये. धाकट्याच्या गाडीचा आवाज आला आणि बाबा खुर्चीत सावरून बसले की तिला अजूनही आत काहीतरी टोचतं. धाकट्याचं गुपित तिने फोडलं नाही, बाबांना ते ठाऊक आहे हेही त्याला सांगितलं नाही. पण तो जेवायला आला की ती त्याला उगाच विचारते, "काय रे, तुझ्या गाडीचं काही काम काढलंस का?" आणि तो घास गिळायचा राहून तिच्याकडे बघतो. बाबा ताटात बघून हसतात. शेजारपाजारचं कोणी दारात टेकलं की बाबा हल्ली ब्रेकची गोष्ट सांगतात, टेकडी आणि टेम्पोपासून. शेवटी अभिमानाने म्हणतात, "माझ्या मुलांनी घरच्या घरी बसवले."

आणि स्वयंपाकघरातून थोरली दर वेळी ओरडते, "मुलीने!"

"हो, हो," बाबा म्हणतात, "मुलीने," आणि मग पाहुण्याला पुढचं सांगायला लागतात.